मीटरच्या पलीकडचा साप

साप पाहिला चमेलीबाईंनी, पण ओळखला हुकुमचंदजींनी, आणि तोही न पाहता.

झालं असं, की सकाळी चमेलीबाई मोटार सुरू करायला परसात गेल्या. कामठ्यातल्या त्यांच्या घरामागे भिंतीवर पत्र्याची एक पेटी आहे आणि त्या पेटीत बोअरच्या मोटारीचा स्टार्टर. बाईंनी पेटीचं झाकण उघडलं, धाडकन लावलं, आणि एरवी गुडघे दुखतात म्हणून शेजारच्या बारशालाही न जाणाऱ्या चमेलीबाई एका उडीत ओट्यावर आल्या.

"अजी, पेटीत साप हाय!"

हुकुमचंद रहांगडाले तेव्हा बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली नाही. "धामणीचं पिल्लू असन," ते म्हणाले.

"तुम्ही पाहिलं का?"

"पाहाचं काय त्याच्यात? धान कापणीले आला का उंदीर घराकडं येते. उंदरामागं धामण येते. सायन्स हाय ते."

हुकुमचंदजींना आयुष्यात कधी शंका म्हणून आली नाही. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते तेव्हा पाणी कोणत्या शेतात केव्हा पोचणार हे ते आधीच सांगून मोकळे होत. पाणी पोचलं नाही तर चूक पाण्याची. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, पण खात्री सुटली नाही. उलट तिला आता दिवसभर मोकळा वेळ मिळू लागला.

तरी चहा संपल्यावर ते टॉर्च घेऊन परसात गेले. ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात टॉर्च कशाला, हे विचारायची सोय नव्हती. पेटीच्या तळाला वायरी जातात त्या भोकातून बोटभर शेपटी लोंबत होती. साधी, तपकिरी, बिनपट्ट्यांची. "पाहा," ते सुरक्षित अंतरावरून म्हणाले, "पट्टा नाही, ठिपका नाही. मी काय म्हणलो होतो?"

आता एका घरातल्या सापाची उठाठेव गल्लीने करायचं कारण नव्हतं. पण गावच्या नळयोजनेची मोटार जळाली होती, ती दुरुस्तीला गेली होती, आणि दुरुस्तीला गेलेली वस्तू आपल्याकडे तीर्थयात्रेला गेलेल्या म्हाताऱ्यासारखी येईल तेव्हा खरी. म्हणून सध्या सगळी गल्ली हुकुमचंदजींच्या बोअरचं पाणी भरत होती. त्यांनी स्वतः होऊन पाइप गल्लीत सोडला होता. रोज सकाळी ते पाइपाजवळ खुर्ची टाकून बसत आणि कोणी "मेहरबानी हाय जी तुमची" म्हटलं की, "अरे, पाणी कोणाच्या बापाचं हाय का?" असं म्हणत. हे वाक्य त्यांना फार आवडे. आज खुर्ची रिकामी, पाइप कोरडा, आणि घागरी घेतलेली गल्ली परसात.

पहिले आले शेजारचे छोटेलाल. त्यांचं किराणा दुकान आहे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही संकटावर त्यांच्याकडे काहीतरी पुडीत बांधून तयार असतं. त्यांनी लांब बांबूने पेटीचं झाकण जरासं उचललं, वाकून आत पाहिलं आणि बांबू टाकून दिला.

"भाईसाब, धामण नोहोय! काळं अंग, पांढरे पट्टे! मण्यार हाय मण्यार!"

गल्ली चार पावलं मागे सरली. मण्यारीचं नाव ऐकून मागे न सरणारा माणूस एक तर वैद्य असतो, नाहीतर बहिरा.

हुकुमचंदजी मात्र जागचे हलले नाहीत. "पट्टे हायेत का? मंग कवड्या हाय," ते म्हणाले. "दिसाले मण्यारीसारखा, पण बिनविषारी. आमच्या ऑफिसात सापांचा तक्ता लागून होता. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतेत अन् शेपटीकडं पुसट होतेत. मण्यारीचं उलटं. शेपटी मी पाहिली. साफ हाय."

"पण आत्ता तं तुम्ही धामण म्हणून राहिले होते," छोटेलाल म्हणाले.

"मी बिनविषारी म्हणलो होतो. अजूनही तेच म्हणून राहिलो."

त्यांनी मत बदललं नव्हतं, फक्त सापाचं नाव बदललं होतं. पण छोटेलालना हा बारीक फरक कळणार कसा?

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. कोणी म्हणालं मिरच्यांची धुरी द्या, कोणी म्हणालं रॉकेल शिंपडा. विजेच्या पेटीत रॉकेल शिंपडायला सांगणारा माणूस स्वतः रस्त्याच्या पलीकडे उभा होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. छोटेलालनी दुकानातून फिनेल आणवलं आणि उधारीवर द्यायची तयारी दाखवली. समोरच्या शामकलाकाकूंनी कोणालाही न विचारता दूध आणून पेटीखाली ठेवलं. ते दूध हुकुमचंदजींच्याच मांजरीने पिऊन टाकलं, आणि काकू हात जोडून म्हणाल्या, "दूध पेला, दूध पेला! देव हाय थो!"

"मारून टाकाचा का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"खबरदार!" हुकुमचंदजी गरजले. "बिनविषारी साप मारू देणार नाही मी. माझ्या घरचा हाय थो."

हे बोलताना त्यांचा आवाज इतका भारदस्त लागला की त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. आणि नेमक्या त्याच क्षणी छोटेलाल शांतपणे म्हणाले, "इतकं पक्कं हाय ना भाईसाब? मंग हात घाला पेटीत अन् बटन दाबा. आमी पाणी भरतो, घरी जातो."

वास्तविक काठीने बटन दाबून झालं असतं. पण त्या स्टार्टरचं हिरवं बटन आत कोपऱ्यात होतं आणि त्याची स्प्रिंग बिघडलेली. ते अंगठ्याने दाबून, मोटार घरघरेपर्यंत जरा डावीकडे रेटत धरावं लागे, आणि ही कला एकट्या हुकुमचंदजींच्या आणि चमेलीबाईंच्या अंगठ्याला येत होती. मेकॅनिकला बोलवा असं बाई वर्षभर सांगत होत्या. "मले जमते ना? मंग मेकॅनिक कायले?" असं हुकुमचंदजी वर्षभर उत्तर देत होते.

"दाबतो ना," ते म्हणाले. "पण कायद्यानं. सरकारी प्राणी हाय थो."

मग ते घरात जाऊन फोनवर बसले. माणूस कितीही धीट असो, कधी कधी त्याला शासनाचा आधार घ्यावासा वाटतो.

वनविभागाच्या साहेबांनी सापाला मारू नका, हा गुन्हा आहे, असं आधी बजावलं. मग म्हणाले, "डोक्याचा फोटो पाठवा. मंग सांगतो विषारी का बिनविषारी."

"डोकं पेटीत हाय साहेब. शेपटीचा पाठवू का?"

"शेपटीवरून ओळख द्यायला मी काय ज्योतिषी हाय? तुमच्या भागातला सर्पमित्र बिरसीले गेला, तिथं कोणाच्या कोठ्यात धामण निघाली. आला का पाठवतो. तोपर्यंत पेटीले हात लावू नका."

"म्हणजे साप तुमचा का आमचा?"

"साप सरकारचा. पेटी तुमची."

वीज कार्यालयातल्या माणसाने सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "साप मीटरच्या अलीकडं हाय का पलीकडं?"

"पलीकडं. मोटारीच्या बाजूनं."

"मंग आमच्याकडं येत नाही. मीटरपर्यंत आमची जबाबदारी. मीटरच्या अलीकडं आला का फोन करजा."

हुकुमचंदजी सरकारी नोकरीतच पिकलेले. असली उत्तरं त्यांनी स्वतः उभ्या हयातीत शेकड्याने दिली होती. पण उत्तर देणं आणि उत्तर घेणं यांत फरक आहे. त्यांनी फोन ठेवला तेव्हा कान लाल झाले होते.

एवढ्यावर भागलं असतं तर दुपारपर्यंत कसंतरी निभावलं असतं. पण आज दुपारी खुमेंद्र जेवायला येणार होता.

खुमेंद्र म्हणजे हुकुमचंदजींच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आणि भाचा म्हणजे काय, हे हुकुमचंदजींच्या पोवार समाजात सांगावं लागत नाही. शंभर बामणांच्या बरोबरीचा एक भाचा, असा हिशेब. वयाने कितीही लहान असो, मामाने त्याच्या पाया पडायचं. हुकुमचंदजींच्या घरचा रिवाज तर आणखी कडक: भाचा दारात आला की आधी परातीत त्याचे पाय धुवायचे, मग मामाने वाकून नमस्कार करायचा, मगच भाच्याने उंबरा ओलांडायचा. शिवाय भाच्याकडून घरात काडी इकडची तिकडे करून घ्यायची नाही. त्याच्या हातून काम घेतलं तर सात जन्म पाप लागतं म्हणतात. खुमेंद्र नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाईड म्हणून लागला, त्यानंतर तो पहिल्यांदाच मामाकडे येत होता. चमेलीबाईंनी घरातलं होतं नव्हतं ते पाणी पहाटेपासून वडे, भाजी, खीर यांत घातलं होतं. साप निघणार हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आणि भर उन्हात मोटारसायकल फाटकाशी थांबली. खुमेंद्र उतरला. अंगात गाईडचा हिरवा गणवेश, पाठीला पिशवी. पिशवीत साप उचलायची आकडी असते, हे हुकुमचंदजींना ठाऊक होतं. त्यांना एकदम गहिवरून आलं. खुमेंद्रने सापांचं प्रशिक्षण घेतलं होतं. संकट संपलं होतं!

"ये बाबू ये! अगदी टायमावर आला! पेटीत कवड्या हाय..."

"थांबा!" चमेलीबाई मध्ये आल्या. "पाय धुतले नाही, पाया पडले नाही, अन् भाच्याले साप पकडाले लावता?"

"मामीजी, हे तं माझं रोजचं काम हाय," खुमेंद्र म्हणाला.

"ते जंगलात. इथं तुम्ही भाचे हा."

"मंग पाय धुवा ना लवकर."

इथे सगळे थांबले. पाय धुवायला पाणी नव्हतं. पाण्यासाठी मोटार लावायला हवी. मोटारीसाठी साप निघायला हवा. साप काढायला खुमेंद्र हवा. आणि खुमेंद्र आत यायला पाय धुवायला हवेत. हुकुमचंदजींनी कालव्यांचे पुष्कळ गुंते सोडवले होते, पण ज्या कालव्याचं पाणी फिरून त्याच जागी येतं असा कालवा त्यांनी पाहिला नव्हता.

"पिण्याचं मटकं?" त्यांनी हळूच विचारलं.

"खिरीत गेलं."

फाटकाबाहेर खुर्ची टाकली. भाचा बूट काढून, पाय कोरड्या पितळी परातीत ठेवून उन्हात बसला. गल्ली त्याच्याभोवती उभी राहिली. तेव्हा छोटेलाल पुढे झाले. हातात लोटा होता, आणि लोटा भरलेला होता.

"माझ्या ड्रमात थोडं हाय भाईसाब. घ्या. भाच्याचं काम हाय." हुकुमचंदजींनी हात पुढे केला. छोटेलालनी लोटा मागे घेतला. "पण एकदा म्हणा, मण्यार असू शकते. बस. मी सकाळपासून बोंबलून राहिलो, कोणी मानूनच नाही राहिलं."

खरं म्हणजे काय मोठं मागणं होतं? तीन शब्द. चमेलीबाईंनी डोळ्यांनी खुणा केल्या. खुद्द भाचा म्हणाला, "म्हणून टाका ना मामाजी, पाय भाजून राहिले." पण सगळी गल्ली बघत होती. या गल्लीला ते रोज पाणी देत होते, आणि आज एका लोट्यासाठी त्यांनी आपला शब्द गिळायचा?

"भाचाबाबू," ते ताठ उभे राहून म्हणाले, "तू तिथं बसून फक्त सांग. हात माझा."

"मामाजी, नको! पाहिल्याशिवाय हात नका घालू. म्या पकडतो ना!"

"तू बस." आणि ते पेटीकडे निघाले. मागे वळून पाहिलं असतं तर चेहरा दिसला असता, म्हणून ते वळले नाहीत. चालताना मात्र त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एक अनोळखी गोष्ट पोटात जाणवली. ती शंका होती. तिची ओळख नसल्याने त्यांनी तिला भूक समजून दाबून टाकलं.

त्यांनी बांबूने झाकण उघडलं आणि टॉर्च मारला. साप स्टार्टरवर वेटोळं करून, डोकं अंगाखाली घालून निवांत पडला होता. मधल्या अंगावर पट्टे. मान कुठे आहे कळेना. खुमेंद्र फाटकातून ओरडत होता, "मागं व्हा मामाजी!" छोटेलाल ओरडत होते, "अजी, राहू द्या! घ्या लोटा, घ्या!" पण आता लोटा घ्यायची वेळ निघून गेली होती. हुकुमचंदजींनी श्वास रोखला, हात कडेने आत सरकवला, अंगठा बटनावर ठेवला, दाबला, डावीकडे रेटला.

मोटार घरघरली. पेटी थरथरली. झोपमोड झालेल्या सापाने डोकं वर काढलं, हुकुमचंदजींनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने हुकुमचंदजींकडे पाहिलं, आणि कचकन त्यांच्या बोटाला चावला.

"मानेपासून!" हुकुमचंदजी किंचाळले. "पट्टे मानेपासून हायेत! कवड्या! मी म्हणलो होतो!"

असा साप चावल्याचा आनंद कामठ्याने यापूर्वी पाहिला नव्हता. बोटातून रक्ताचे बारीक थेंब येत होते आणि हुकुमचंदजी बोट उंच धरून गल्लीला दाखवत होते. "दुखते! लय दुखते! मण्यारीचं दुखत नाही म्हणतेत. म्हणजे कवड्या!"

"मामाजी, दवाखान्यात चला," खुमेंद्र परातीतून उडी मारून आला.

"कायले? बिनविषारी हाय. मी डोळ्यानं पाहिलं."

"घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यावर भरोसा ठेवत नाहीत. साप कोणताही असो, दवाखाना."

"मी घाबरलो नाही."

"मामाजी," खुमेंद्र म्हणाला, "हा भाच्याचा शब्द हाय."

झालं. भाच्याचा शब्द मामाला मोडता येत नाही. हुकुमचंदजींनी हताशपणे हात पसरले, पण मनातून त्यांनी रिवाजाचे फार आभार मानले. "आता भाचाच म्हणते तं..." असं म्हणत ते छोटेलालच्या मोटारसायकलवर मागे बसले. चमेलीबाई पदर खोचून ऑटो शोधायला धावल्या.

गावाबाहेर पडेपर्यंत हुकुमचंदजी ताठ बसले होते. मग त्यांनी बोट दाबून पाहिलं. दुखलं. बरं वाटलं. पुलापाशी पुन्हा दाबलं. कमी दुखलं. आणखी पुढे दाबलं, तर दुखणं जवळजवळ थांबलेलं. मण्यारीचं दुखत नाही, हे त्यांचंच वाक्य त्यांना आठवलं.

"छोटेलाल," ते त्यांच्या पाठीला म्हणाले.

"हो जी."

"पट्टे मानेपासूनच होते ना गा?"

"मले काय मालूम? तुम्ही पाहिले!"

"मोटार हलून राहिली होती. टॉर्च हलत होता. छोटेलाल... मण्यार असू शकते का?"

सकाळपासून हेच शब्द ऐकायला छोटेलाल आसुसले होते. आता ते कानाशी, अगदी फुकटात मिळाले. पण त्यांनी गाडी आणखी जोरात हाणली. "अजिबात नाही!" ते वाऱ्यात ओरडले. "कवड्याच हाय भाईसाब! पक्का कवड्या! मले काय समजते सापातलं? मी साखर विकतो! कवड्या, कवड्या!" आणि त्यांचा आवाज फाटला. हुकुमचंदजींनी त्यांचा खांदा घट्ट धरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट पाहिलं, डोळे पाहिले, जीभ काढायला लावली आणि खाटेवर झोपवलं. थोड्याच वेळात छोटेलालच्या फोनवर खुमेंद्रचा फोटो आला. साप आकडीवर लोंबत होता. मानेपासून सुरू झालेले पांढरे पट्टे शेपटीकडे विरत गेले होते. डॉक्टर म्हणाले, "कवड्याच आहे. तरी संध्याकाळपर्यंत इथंच राहा."

चमेलीबाई खाटेशी बसल्या होत्या. रडून झालं होतं, आता रागवायची पाळी होती. "खरं सांगा. खात्री होती का तुम्हाले?"

"शंभर टक्के," हुकुमचंदजी म्हणाले, आणि बाईंचा हात काही सोडेनात.

ते परतले तेव्हा ऊन कलत होतं. गल्लीत चिखल झाला होता. मोटार भरपूर वेळ चालली होती, रिकामी टाकी भरून वाहिली होती, शामकलाकाकूंपासून सगळ्यांच्या घागरी भरून वर मांजरीलाही आंघोळ झाली होती. खुमेंद्र फाटकाबाहेर, त्याच खुर्चीत, पाय परातीत ठेवून बसला होता. उपाशी.

"साप?" हुकुमचंदजींनी विचारलं.

"धानाच्या बांधावर सोडला. मोटार बंद केली."

"भाच्याच्या हातून काम!" चमेलीबाईंनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही दोघंही घरी नव्हते मामीजी. कोणी पाहिलं नाही. पण उंबरा नाही ओलांडला, परसातूनच गेलो."

गल्ली जमली. शामकलाकाकूंनी विचारलं, "काय जी छोटेलालजी, रस्त्यानं घाबरले होते का हे?"

हुकुमचंदजींनी छोटेलालकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. या माणसाच्या तोंडात आता त्यांची सगळी इभ्रत होती.

"घाबरतेत?" छोटेलाल म्हणाले. "पूर्ण रस्ता एकच बोलून राहिले होते. कवड्याच हाय म्हणून." आणि ते आपल्या घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तोच लोटा होता. तो त्यांनी या वेळी बिनशर्त हुकुमचंदजींच्या हातात दिला.

परसात टाकीभर पाणी असताना हुकुमचंदजींनी त्या लोट्यातल्याच पाण्याने भाच्याचे पाय धुतले. मग ते नमस्काराला वाकले. दरवेळी वाकायचे तसे घाईघाईने, रिवाजापुरते नाही. कपाळ त्यांनी त्या ओल्या पायांवर टेकवलं आणि तिथेच राहू दिलं. तिथे कोणाला चेहरा दिसत नव्हता.

"मामाजी," खुमेंद्र हळूच म्हणाला, "झालं. कवड्याच होता."

हुकुमचंदजी उठले नाहीत.

"अजी, उठा ना आता," चमेलीबाई म्हणाल्या. "कंबर धरली का?"

"हो," हुकुमचंदजी खालूनच म्हणाले, "कंबरच धरली. शंभर टक्के."